नजीरभाईंची किल्ली

माझी जीभ तोंडात मावेनाशी झाली होती. छाती आवळत चालली होती आणि अंगणातला कूलर मला दोन-दोन दिसत होता.

होळी झाली की आमच्या अकोल्यात घरोघरी कूलर निघतात. मीही काढला. मागची जाळी उघडली, तर आत गांधीलमाश्यांचं घर. तीन माश्या मानेला डसल्या. दोन मिनिटांत मी जमिनीवर. सून रडत रडत चुना शोधत होती. तेवढ्यात पंचाहत्तरीचा एक म्हातारा भिंत चढून आमच्या अंगणात उतरला. उतरताना त्याची लुंगी खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. त्यानं खिशातून स्टीलची डबी काढली, सुई भरली आणि काही न विचारता लुगड्यावरूनच माझ्या मांडीत खुपसली.

ते आमचे शेजारी, नजीरभाई. गल्ली त्यांना येडा म्हणायची. मीही म्हणायचे.

कारण हा माणूस भेटला की आधी हात मागायचा. खिशातून कपाटाची लोखंडी किल्ली काढून मनगटापासून कोपरापर्यंत बोथट रेघ ओढायचा आणि घड्याळ पाहत बसायचा. "पाच मिनिटं थांबा." भाजीवाली, पोस्टमन, मीटर पाहायला आलेला माणूस, कोणी सुटलं नाही. माझ्या नातीच्या लग्नात नवरदेव मांडवात आला, तर त्याचाही हात यांनी धरलेला. पाहुणे म्हणाले, हे हात पाहणारे बाबा कोण?

उभं आयुष्य त्यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात काढलं. प्रोफेसर नव्हते. प्रयोगशाळेत काचा रंगवायचे. कातडीचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून निळा रंग टाकायचा. बाकी सगळं निळं होतं, एकच पेशी जांभळी उठते. त्या जांभळ्या पेशीनं हा माणूस धरला तो धरलाच.

"वहिनी, ही मास्ट पेशी हाडाच्या मगजात पैदा होते," ते भिंतीपलीकडून सांगायचे, मी भांडी घासत असले तरी. "पन तिथं पक्की नाही होत. कच्चीच रक्तात निघते. रक्तात तिले कोनी वळखत नाही. कातडीत, आतड्यात, फुफ्फुसात, जिथं जागा भेटली तिथं बसते. अन् मंग तिथल्यासारखी बनते."

"म्हणजे सूनच की," मी म्हणाले. मी तेल्हाऱ्याहून चौथी शिकून कच्चीच इथं आलेली.

"हां. पन पहिली तुकडी हाडं बनाच्या आंधीच येते. मायच्या पोटात, गर्भाजवळच्या पिशवीतून. हाडातली मागून येते, तिची जागा घेते."

"मग ती आधीची सासू."

ते हसले नाहीत. या विषयावर ते हसतच नसत. "पोटात पोटल्या भरून बसते ती. पहारेकरी हाय. पन भडकली तं सगळ्या पोटल्या एकदम फोडते. चोर माशीएवढा, अन् ही आख्खं घर जाळते."

गल्लीत सगळ्यांच्या हातावरची रेघ विरून गेली. माझी मात्र दोरीसारखी वर आली; त्या पेशीच्या पोटल्या फुटल्या की रेघ अशी सुजते म्हणे. नजीरभाईंचा चेहरा उतरला. तेव्हापासून ते मागेच लागले. "वहिनी, कूलर उघडाल तं मले आवाज द्या."

"काहून? पाणी भरून देता का?"

मी आवाज दिला नाही. ते तरीही भिंतीशी उभे होते.

दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सुई वेळेवर मिळाली. दुसऱ्या दिवशी घरी आले, तेव्हा नजीरभाई ओट्यावर लुंगी शिवत बसले होते. मी हात पुढं केला.

"ओढा रेघ."

त्यांनी किल्ली काढली नाही.

"डॉक्टर म्हणे, रेघेचा अन् माशीच्या विषाचा काही संबंध नाही," मी म्हणाले.

"मालूम हाय. पन तुमची रेघ पाह्यली तं मन मानलं नाही."

"अन् बाकीच्यांची कशाले पाहता?"

ते टाके घालत राहिले. त्यांची बायको, सुरय्याभाभी, कशानं गेल्या हे ते कधी बोलले नव्हते. इथं राहायला आले ते एकटेच.

"सुरय्याले माशी डसली, तं मी ह्याच किल्लीचं लोखंड घासलं," ते म्हणाले. "घासलं का आग कमी होते म्हन्ते ना. ती म्हने, दम घुटून राहिला. मी म्हनलं, घाबरू नको, पानी पी. तीस वर्सं ती पेशी काचेवर पाह्यली, वहिनी. घरात आली तं वळखली नाही." त्यांनी दातानं दोरा तोडला. "आता कोनाचा हात धरला का पाच मिनिटं त्याच्या तोंडाकडं पाहतो. दम बरोबर चालून राहिला का नाही. रेघ तं बहाना हाय."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हणाले, "टाका वाकडा आला. आणा इकडं."

त्यांनी लुंगी दिली. मी टाके उसवून पुन्हा घातले. ते माझ्या तोंडाकडं पाहत बसले, पाच मिनिटांहून जास्त.

सुरय्याभाभी गेल्या. मी वाचले.