चित्राची वरची बाजू ठरवण्याबाबत

माणूस घर बांधतो ते राहण्यासाठी. सोफ्यामागची भिंत मात्र तो पाहुण्यांसाठी बांधतो. ही भिंत रिकामी असणं म्हणजे त्या कुटुंबाकडे सांगण्यासारखं काही नसणं, असं जाणकार मानतात. (जाणकार म्हणजे माझी थोरली मेहुणी. तिच्या भिंतीवर दारापेक्षा मोठं चित्र आहे.)

सदर मेहुणी रविवारी येणार असल्याचं कळताच आमच्या भिंतीचा प्रश्न तातडीचा ठरला. बायको म्हणाली, "अहो, ताई दरवेळी आधी त्या भिंतीकडे बघते आणि मग माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला." मीही भरात बोलून गेलो, "विकतचं कशाला? मी करतो की!"

माझं कलाशिक्षण रीतसर झालेलं आहे. शाळेत मी फुलदाणी काढली होती आणि बाईंनी खाली "बैल ठीक" असा शेरा दिला होता.

कार्यपद्धती अशी. लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली, तिच्यावर मांजरपाट ताणला. चौकट एवढी मोठी झाली की बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवी टाकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घरातली वाहतूक कडेने वळवण्यात आली. मी चारी बाजूंनी फिरत, जिथून हात पोचेल तिथून, अगदी जीव ओतून रंगवत गेलो. आई स्वयंपाकघरात जाताना पदर सावरून म्हणायची, "रंगव बाबा, रंगव. निदान घरात तरी आहेस."

चित्र फक्कड झालं. ते उभं करताना मात्र एक तांत्रिक बाब उघडकीस आली. वरची बाजू कोणती, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

तातडीने कौटुंबिक समिती बसली. आईच्या मते तो समुद्र होता, बायकोच्या मते करपलेला भात आणि लेकीच्या मते आजोबांच्या छातीचा एक्स-रे. मतदान झालं. चारी बाजूंना एकेक मत पडलं. (चौथं माझं.)

"पण नक्की काय आहे ते?" लेकीने विचारलं.

"ते बघणाऱ्यावर अवलंबून असतं, बाळा."

"म्हणजे बाबा, तुलाही माहीत नाही."

एवढ्यात बेल वाजली. मेहुणी ठरल्या वेळेच्या आधीच टपकली होती. बायकोने कपाळावर हात मारला. "धरा ती बाजू! नाहीतर नाक कापलं जाईल माझं," असं म्हणत तिने माझ्या मदतीने ती चौकट तोंड भिंतीकडे करून खिळ्यांवर चढवली आणि दार उघडलं.

मेहुणीने भिंतीकडे पाहिलं. उघड्या पट्ट्या, कोरा मांजरपाट, मागून झिरपलेले दोन डाग आणि थोडी फरशीवरची धूळ. तिचा पाण्याचा ग्लास हातातच राहिला.

"अगं बाई! केवढं हे धाडस! काही म्हणत नाही, आणि सगळं म्हणून जातं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भावजी, आमचं ते मला आता बटबटीत वाटायला लागलंय हो. मला एक करून द्याल?"

बायकोचा चेहरा जसा उजळला, तसा लग्नातही उजळला नव्हता. (फोटो आहेत.) खरं सांगायला माझी जीभच रेटेना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढा जीव ओतून रंगवलेलं चित्र आता फक्त भिंतीला दिसणार होतं, फार तर एखाद्या पालीला.

तेव्हापासून नात्यागोत्यात मी कलाकार म्हणून ओळखला जातो. मागण्या येतात. पुढची बाजू मी अजूनही मन लावून रंगवतो, आणि मग ती भिंतीकडे करून टांगतो. माझ्या पाहणीनुसार दहापैकी नऊ जणांना त्यात माणसाचं एकटेपण दिसतं. (दहावा चहाची वाट बघत असतो.) उलटून बघावंसं मात्र आजवर एकालाही वाटलेलं नाही.

आणि तुम्ही? विसरलात वाटतं! मागे आमच्याकडे आला होतात, मान तिरकी करून बराच वेळ उभे राहिलात आणि शेवटी म्हणालात, "काहीतरी आहे बुवा यात." मला भरून आलं होतं. तुमचंही करायला घेतलंय. रविवारी घेऊन येतो. खिळे तेवढे ठोकून ठेवा, आणि टांगल्यावर मागे डोकावू नका. म्हणजे, तुम्ही तसेही डोकावणाऱ्यांतले नाही.