पाच नंबरची निळी बादली

सोमवारी सकाळी, खानावळीत कॉफीचा दुसरा कप भरला जात असताना, मिल्टन टेनब्रूकने जाहीर केलं की या शनिवारच्या सामन्यात तो पेन्सिल धरणार नाही, पिस्तूल धरणार आहे.

हे वाक्य त्याने घरी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तरी शेवटचे दोन शब्द जरा हळूच निघाले.

हार्लो क्रीकच्या नेमबाजी क्लबात मिल्टन अकरा वर्षं गुण लिहीत होता. त्याआधी तो गावच्या वाचनालयात होता, त्यामुळे आकडे एका रेषेत लिहिणं आणि दुसरा बोलत असताना गप्प बसणं ही दोन्ही कामं त्याला येत होती. यंदा संघातला एक गडी गुडघे दुखतात म्हणून ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला आणि चौघांतली एक जागा रिकामी झाली. मिल्टन एकाहत्तर वर्षांचा होता. पुन्हा अशी जागा निघायची तर आणखी कुणाचे तरी गुडघे जायला हवे होते, आणि तोवर त्याचे स्वतःचे शाबूत राहतील याची त्याला खात्री नव्हती.

"पिस्तूल कुठाय?" व्हर्ना स्टकीने विचारलं. व्हर्ना संघाची कप्तान. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि अजूनही तिने नुसतं पाहिलं की समोरचा माणूस आपण सरळ बसलोय ना हे तपासायचा.

"घेतलं. पंचेचाळीस कॅलिबरचं. तुझ्यासारखंच."

"नवं?"

"कोरं."

"मग नियम ठाऊक आहे ना? तीनशे गोळ्या. त्यातल्या शेवटच्या पन्नास माझ्यासमोर. एकदा जरी अडकलं तरी संघात जागा नाही."

"पिस्तुलाच्या पुस्तिकेतही तीनशेच लिहिल्यात," मिल्टन म्हणाला. "नव्या पिस्तुलाचे भाग एकमेकांना ओळखत नाहीत. तीनशे गोळ्यांत ओळख होते. मी पुस्तिका तीनदा वाचली. स्पॅनिश भागसुद्धा."

"तुला स्पॅनिश येतं?" ओटो लिंडगार्डने विचारलं. ओटो मैदानावर सुरक्षेचं काम बघायचा, आणि मैदानाबाहेर सगळ्यांच्या चुका.

"नाही. पण आकृत्या त्याच आहेत."

त्याच दुपारी मिल्टनने गावातल्या एकुलत्या एक हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची होती नव्हती ती सगळी काडतुसं घेतली. सात खोकी, प्रत्येकात पन्नास. तीनशे ओळखीला, पन्नास सामन्याला. दुकानदाराने रिकाम्या फळीवरची धूळ पुसली आणि नवा माल दहा दिवसांनी येईल असं सांगितलं. मिल्टनला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं भागलं होतं.

मंगळवारी तो मैदानावर चार नंबरच्या खणात, म्हणजे गोळी मारायच्या कप्प्यात, उभा राहिला. पुस्तिकेप्रमाणे पाय, पुस्तिकेप्रमाणे श्वास. त्याने चाप ओढला. गोळी समोरच्या नेमाच्या फळ्यावर कुठेतरी लागली आणि काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडण्याऐवजी सरळ मागे येऊन त्याच्या कपाळावर बसली.

दुसरी भुवईवर बसली. तिसरी चष्म्याच्या काचेवर टक्कन वाजली.

"मनगट ढिलं आहे," मागून ओटो म्हणाला.

"अजून ओळख व्हायचीय," मिल्टन म्हणाला.

"तुझ्या कपाळाशी तर झालेली दिसतेय."

बेचाळीस गोळ्या अशाच गेल्या. त्रेचाळिसावी पुंगळी कपाळावरून उसळली आणि सदऱ्याच्या उघड्या कॉलरमधून आत शिरली.

नुकत्याच उडालेल्या पुंगळीला चांगलाच चटका असतो. असं झालं की माणूस उड्या मारतो, गिरक्या घेतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना गिरकी घेणं यापरतं वाईट काही नाही. पुस्तिकेत त्यावर अर्धं पान होतं आणि मिल्टनला ते पाठ होतं. तो जागचा हलला नाही. नळी समोर ठेवली. बोट चापावरून काढलं. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. नळीतली गोळी काढली, आत डोकावून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग दोन्ही हातांनी छाती धरली आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना शांतपणे खाली बसला.

शेजारच्या खणात आयलीन होती. ती लष्करात परिचारिका होती आणि निवृत्तीनंतर तिला फारसं काम मिळालेलं नव्हतं.

"हृदय," ती म्हणाली. "आडवं करा त्याला."

"नाही, पुं—" मिल्टन म्हणाला, आणि त्याच्या उघड्या तोंडात ॲस्पिरिन पडली.

"चावून खा. बोलू नकोस."

तिघांनी त्याला बाकावर निजवलं. ओटोने टोपीने वारा घातला. आयलीनने सदऱ्याची बटणं काढली तेव्हा पुंगळी घरंगळत फरशीवर पडली आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाडी मात्र झकास आहे," आयलीन म्हणाली. तिचा आवाज थोडा उतरला होता.

मिल्टनने कॉलरचं वरचं बटण लावलं आणि राहिलेल्या सत्तावन्न गोळ्या मारल्या. सत्तावन्नही पुंगळ्या कपाळावर आल्या. पण पिस्तूल अडकलं नाही, आणि त्याने तेवढंच धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी त्याने विश्वकोशाचा सर्वांत जाड खंड कपाटातून काढला आणि हात लांब करून तो धरून उभा राहिला. दोन मिनिटं. मग पाच. ओटोचं म्हणणं बरोबर असेल असं त्याला मनातून वाटत होतं. बहुतेक वेळा दुसऱ्यांचं म्हणणं बरोबर असेल असंच त्याला वाटायचं.

बुधवारी त्याने मनगट लाकडासारखं ताठ केलं आणि चाप ओढला. पुंगळी उजवीकडे उडाली, छान कमान घेत शेजारच्या पाच नंबरच्या खणात गेली आणि टिंग करून वाजली.

पाच नंबरला त्या वेळी कुणी नव्हतं. स्टुलावर व्हर्नाची निळी पत्र्याची बादली होती. व्हर्ना पलीकडच्या खोलीत नव्याने आलेल्या बायकांना नेमबाजी शिकवत होती आणि बादली ठेवून तिने खण धरून ठेवला होता. हार्लो क्रीकमध्ये तशीच रीत होती.

दुसरी पुंगळी बादलीत पडली. तिसरीही. दहाव्या पुंगळीनंतर मिल्टन थांबला आणि बादलीकडे पाहत राहिला.

व्हर्ना आपली काडतुसं घरी भरायची. रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, घासायच्या, बुडाच्या भोकात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू घालायची, वर गोळी. तिच्यासारखे भरणारे क्लबात सहा-सात जण होते आणि पुंगळ्यांवर त्यांचा जीव होता. दुसऱ्याच्या बादलीत हात घालायचा नाही, हा तिथला न लिहिलेला पहिला नियम. एकोणीस वर्षांपूर्वी एकाने व्हर्नाच्या बादलीत हात घातला होता. तो आता मासे धरतो.

तेव्हा आपल्या दहा पुंगळ्या परत घेणं शक्य नव्हतं. खण बदलावा, तर हात आत्ता कुठे बसला होता. शिवाय, मिल्टनने विचार केला, तिला पुंगळ्या लागतातच. आपण भरत नाही. न बोलता दिलेली भेट समजावी. हा विचार त्याला इतका आवडला की उरलेल्या एकशे चाळीस गोळ्या त्याने आनंदात मारल्या. बादली चुकली अशी एकही पुंगळी नव्हती. फळ्यावर त्याची इतकी अचूक नेमबाजी झाली नव्हती.

गुरुवारी दुपारी खानावळीत सूप चालू असताना व्हर्ना आली आणि तिने मुरंब्याची एक बरणी टेबलावर आदळली. बरणीत पुंगळ्या होत्या.

"घातपात," ती म्हणाली.

ओटोने बरणी उचलून पाहिली. "पंचेचाळीसच्याच आहेत की."

"बुड बघ. भोक बघ."

"लहान आहे."

"लहान आहे. माझ्या सगळ्या मोठ्या भोकाच्या. मोठ्या भोकाच्या तेवढ्या मी ठेवते, जगाला माहीत आहे. सकाळी भरायचं यंत्र चालवायला बसले, मोठी टोपी लहान भोकात घुसेना, मी जोर लावला. टोपी फुटली, मांजर पडद्यावर चढलं, आणि यंत्राचा दांडा वाकला. नवा यायला आठवडा. शनिवारसाठी माझ्याकडे एक काडतूस नाही."

"दुकानातून घे," आयलीन म्हणाली.

"जाऊन आले. फळी रिकामी. सोमवारी कुणीतरी सगळी उचलली म्हणे."

मिल्टनच्या हातातला चमचा सुपात बुडाला. भोकं लहान-मोठी असतात हे पुस्तिकेत नव्हतं. कुठल्याच भाषेत नव्हतं.

"शनिवारी आपल्याशी खेळायला येणाऱ्या पिकेटवाल्यांचं काम आहे हे," व्हर्ना म्हणाली. "त्यांचा लाइल काल नेमाचे फळे न्यायला आला होता. बादलीजवळूनच गेला असणार. मी सामना रद्द करतेय."

"व्हर्ना," मिल्टन म्हणाला, "मला वाटतं..."

"तूच लिही पत्र. तुझी भाषा चांगली आहे."

"नाही, मला असं म्हणायचं होतं..."

"कडक लिही. उद्या तुझी चाचणी झाली की नेऊन देते त्यांना."

मिल्टनने पत्र लिहिलं. त्याला तीन तास लागले. व्हर्नाने ते शुक्रवारी सकाळी मैदानावर उभ्या उभ्या वाचलं.

"'कोणा एका व्यक्तीकडून, बहुधा कोणताही वाईट हेतू नसताना, आणि कदाचित आदरापोटी...' हे आरोपपत्र आहे की माफीपत्र?"

"दोन्ही बाजू..."

"चाचणी झाली की नीट लिही. चार नंबरला उभा राहा."

"एक नंबरला चालेल का? तिकडे उजेड बरा आहे."

"चाचणी चार नंबरलाच होते." व्हर्ना पाच नंबरच्या खणात गेली, बादली स्टुलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बादली रिकामी होती. मागे ओटो आणि आयलीन.

मिल्टनने पिस्तूल उचललं. मनगट ताठ ठेवलं तर काय होईल हे त्याला माहीत होतं. त्याने ते अगदी थोडं सैल सोडलं.

पहिली पुंगळी कपाळावर आली. दुसरी भुवईवर. तिसऱ्या वेळी पिस्तुलावरची सरकती स्लाइड मागे जाऊन पुढे येताना क्षणभर अडखळली, आणि मग कशीबशी बसली. आणखी एकदा असं झालं असतं तर पिस्तूल अडकलं असतं, चाचणी संपली असती, आणि लाइलने काही केलं नव्हतं हे कुणालाच कळलं नसतं. मिल्टनला पुन्हा पेन्सिल मिळाली असती. पेन्सिलीने त्याला कधीच त्रास दिला नव्हता.

"मनगट, मिल्टन," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. तो पास व्हावा असं तिला वाटत होतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

त्याने मनगट ताठ केलं.

टिंग.

व्हर्नाने बादलीकडे पाहिलं.

टिंग. टिंग. टिंग. मिल्टनने तिच्याकडे पाहिलं नाही. मॅगझिन संपलं की भरत होता, भरलं की मारत होता, आणि बादली देवळातल्या घंटेसारखी वाजत होती. पन्नासावी गोळी सुटली, शेवटची पुंगळी आपल्या बहिणींवर जाऊन पडली. त्याने पिस्तूल रिकामं आहे ते पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग ठेवलं.

व्हर्नाने बादलीतून एक पुंगळी काढली, उलटी केली आणि बुडाचं भोक पाहिलं.

"किती?" तिने विचारलं.

"आत्ता सत्तेचाळीस. तीन माझ्या कपाळावर. बुधवारी दीडशे." मिल्टनने घसा साफ केला. "दुकानातली काडतुसंही मीच उचलली."

ओटोला खोकला आला आणि तो बाहेर निघून गेला.

"बुधवारीच का बोलला नाहीस?"

"बादलीत हात घालायचा नसतो. मग वाटलं, भेट समजावी."

व्हर्नाने खिशातून पत्र काढलं, पुन्हा वाचलं, या वेळी हळू वाचलं. "'कदाचित आदरापोटी,'" ती म्हणाली, आणि पत्र चौघडी करून परत खिशात ठेवलं. पिकेटवाल्यांना द्यायच्या खिशात नव्हे, दुसऱ्या. "पिस्तूल पास आहे. नियम तो नियम. उद्या तू संघात आहेस."

"आणि तू?"

"माझ्याकडे काडतूस नाही. तिघं तुम्ही आणि एक जागा मोकळी. बाकीच्यांची पिस्तुलं नऊ मिलिमीटरची, त्यांची माझ्या कामाची नाहीत."

मिल्टनकडे एक खोकं उरलं होतं. चाळीस गोळ्यांचा सामना, दहा सरावाला. एका माणसाला पुरेल एवढं. त्याने ते पिशवीतून काढलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि मग पाच नंबरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. व्हर्ना शंभरातल्या सत्याण्णव गोळ्या काळ्या वर्तुळात घालायची. तो स्वतः या आठवड्यात किती घालत होता, हेही त्यानेच लिहून ठेवलं होतं.

"यांची भोकं लहान आहेत," तो म्हणाला.

"मारायला चालतात. भरायलाच त्रास." व्हर्नाने खोकं घेतलं. आभार मानले नाहीत. मग निळी बादली उचलली आणि त्याच्या हातात दिली. "उद्याच्या पुंगळ्या तू गोळा करायच्या. लहान भोकाच्या वेगळ्या. आणि घरी आणखी चार बादल्या आहेत, त्याही निवडायच्या आहेत. चष्मा घेऊन ये."

आयलीन दोघांकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिली. त्या बादलीला एकोणीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मिल्टनने ती दोन्ही हातांनी धरली, जुना ग्रंथ धरावा तशी.

शनिवारी गुण लिहिणाऱ्याची खुर्ची, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, डावीकडून उजवीकडे हलवली गेली. पुंगळ्या तिकडेच पडणार होत्या. मिल्टन मांडीवर बादली, गुडघ्यावर वही घेऊन बसला. आज आपण मारणार नाही म्हणून कॉलरचं वरचं बटण त्याने उघडं ठेवलं होतं.

व्हर्नाची पहिली पुंगळी बादलीत पडली. दुसरीही. तिसरी बादलीच्या काठावर आपटून उसळली आणि दिसेनाशी झाली.

मिल्टनने त्या गोळीचे नऊ गुण लिहिले. अकरा वर्षांच्या वह्यांत तेवढा एकच नऊ वाकडा आहे. पेन्सिल ठेवली. वही मिटली. बादली सांडू नये म्हणून बेतानेच खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी छाती धरून तो उभा राहिला.

मागच्या बाकावर, पिकेटहून आलेल्या पाहुण्यांत बसलेल्या आयलीनच्या पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. आपण ठीक आहोत एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं.