शिडीची चिठ्ठी

कर्रर्र. टक्. मग सुईं करून कागद बाहेर आला आणि प्रिंटर गप्प झाला.

दुपारच्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. तिनं श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. भिंगरी कुशीवर वळली, अंगठा पुन्हा तोंडात गेला आणि घर होतं तसं झालं. भिंगरी म्हणजे पाच वर्षांची लेक. ती झोपली तर आई कामाची, ती उठली की आई भिंगरीची. त्यामुळे नवऱ्याची सुरक्षा फाइल गेले तीन आठवडे या झोपेच्या तुकड्यांत लिहून झाली होती. चांगली बेचाळीस पानं.

नवरा छपरांवर सोलर पॅनल बसवायचा. नऊ वर्षं एका कंत्राटदाराकडे बसवली. तिथे दोर मागितला की "घाबरलास होय रे?" एवढंच मिळायचं. शेवटी त्यानं ते काम सोडलं, स्वतःचं हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा अंगपट्टा, घेतलं आणि स्वतःच्या नावानं कामं घ्यायची ठरवली. पण त्यासाठी सुरक्षा मंडळाची मान्यता हवी, मान्यतेसाठी फाइल हवी, आणि आज चार वाजता मंडळाच्या तपासनीस बाई ती फाइल बघायला घरी येणार होत्या. फाइल नापास झाली तर सोमवारपासून पुन्हा तोच कंत्राटदार आणि तेच बिनदोराचं छप्पर. ती सोमवारचा विचारच करत नव्हती. पानं लिहीत होती.

"हा कोण?" नवऱ्यानं नुकतंच छापलेलं सत्ताविसावं पान उचललं. पानावर हार्नेस घातलेला एक मिशीवाला हसत उभा होता.

"अय्या! हा नमुन्याच्या फायलीतला. काढायचा राहिला."

"आपल्या कामाचा पुरावा म्हणून हा दाखवणार? याच्या हेल्मेटवर दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे."

"मग आता?"

"आता काय, वर आपली चार पॅनलं आहेत. मी चढतो, तू खालून फोटो काढ. पाच मिनिटांचं काम."

त्याचं पाच मिनिटांचं काम कधी पाच मिनिटांत झालं नव्हतं, पण तीन वाजत आले होते. घराच्या छपराला जिना नव्हता. अंगणातून शिडी लावून नवरा वर गेला, दोराचा हूक अडकवला, हेल्मेट नीट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच लग्नाच्या फोटोपेक्षा बरा उभा राहिला. तिनं फोटो काढला. तेवढ्यात आतून हाक आली, "आईऽऽ!"

भिंगरीला पाणी पाजून, सुटलेली वेणी घालून ती बाहेर आली, तर अंगण मोकळं. शिडी नाहीशी.

"अगं ए!" छपराच्या कडेला हेल्मेट दिसलं. "शिडी कुठंय?"

शिडी अण्णांच्या ताब्यात होती. अण्णा म्हणजे सासरे. एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि त्या काळात चिठ्ठीशिवाय त्यांच्या हातून एक खिळा बाहेर गेला नव्हता. खुद्द मॅनेजर पाना मागायला आला, तर त्यालाही रांगेत उभं केलं होतं म्हणे. फायलीत तीन जबाबदार माणसं लागत होती आणि कंपनीत माणूस एकच, म्हणून नवरा झाला मुख्य कारागीर, ती झाली कागदपत्र प्रमुख आणि अण्णा साधनसामग्री प्रमुख. सकाळी सही घेताना नवरा म्हणाला होता, "करा हो अण्णा. नुसतं कागदापुरतं आहे."

"कागदापुरतं?" अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं होतं. फाइल मागून घेतली आणि जेवणापर्यंत पेन्सिल घेऊन वाचत बसले.

आता ते मागच्या सामानाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. दाराला कुलूप, किल्ली गळ्यात, मांडीवर वही.

"अण्णा, शिडी आत ठेवलीत?"

"कलम नऊ. शिडीजवळ माणूस नसेल तर ती ताबडतोब काढून कुलपात ठेवावी. अंगणात आलो, शिडीजवळ माणूस नव्हता."

"वर होता ना पण!"

"वर बघावं असं कलमात नाही." अण्णांनी वहीत उतरवून घेतलेली कलमं चाळली. "तूच लिहिलंयस, सूनबाई. भाषा छान आहे."

कलम तिचंच होतं. भिंगरी एकदा मोकळ्या शिडीच्या चौथ्या पायरीवर सापडली होती, त्याच संध्याकाळी लिहिलेलं.

"बरं, चुकलं माझं. द्या आता शिडी."

"चिठ्ठी?"

"कसली?"

"कलम दहा. मुख्य कारागिराची सही असलेल्या चिठ्ठीशिवाय शिडी देऊ नये."

"अण्णा, मुख्य कारागीर छपरावर आहेत."

"मग त्यांची सही आणा," अण्णा शांतपणे म्हणाले. मुलाला 'त्यांची' म्हणण्यात त्यांना थोडं सुख होत असावं.

ती अंगणात आली. "चिठ्ठी मागतायत," तिनं वर सांगितलं.

"चिठ्ठी? मी काय इथं दुकान थाटलंय? शेजाऱ्यांची शिडी आण!"

"उसनी शिडी वापरायची नाही. पान अकरा."

"मग मी दोरावरून उतरतो."

"खबरदार! दोर पडू नये म्हणून आहे, उतरायला नाही. पान एकोणीस."

"हे सगळं कुणी लिहिलं?" छपरावरून आवाज आला.

तिनं घरातून दुसरी वही आणली. वहीचं पान फाडलं, 'शिडी एक, कारण खाली उतरणे' असं लिहिलं आणि म्हणाली, "सामान ओढायची दोरी सोड." दोरी खाली आली. चिठ्ठी वर गेली. मिनिटभरानं आवाज आला, "पेन?" पेन वर गेलं. चिठ्ठी सही होऊन खाली आली. भिंगरी ती घेऊन पळत मागे गेली आणि तशीच परत आली.

"आजोबा म्हणतात तारीख नाहीये."

चिठ्ठी पुन्हा वर गेली. या खेपेला तिच्याबरोबर पाण्याची बाटलीही गेली, कारण छपरावरचा सूर बराच कोरडा झाला होता.

"चिठ्ठीवर वेळही घालायला सांगा," फाटकातून कुणीतरी म्हणालं. "नाहीतर परत वर पाठवावी लागेल."

खांद्याला पिशवी अडकवलेली, करड्या केसांची एक बाई फाटकात उभी होती. तिची ओळख विचारायची गरज पडली नाही. पिशवीवर मंडळाचं चिन्ह होतं आणि घड्याळात साडेतीन.

"तुम्ही... चार वाजता..."

"मी लवकरच येते. चार वाजता सगळ्यांची घरं फार व्यवस्थित असतात." बाईंनी वर पाहिलं. "ते तिथं काय करतायत?"

आता काय सांगायचं? सोमवार तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. खोटं बोलायला ती तोंड उघडणार, तोच भिंगरी म्हणाली, "बाबा अडकलेत. आजोबा शिडी देत नाहीत."

बाई घरामागे गेल्या. ती त्यांच्यामागून, भिंगरी तिच्यामागून.

"मी तपासनीस. शिडी द्या पाहू."

अण्णा उभे राहिले. नमस्कार केला. "बसा. पण शिडी नाही मिळायची. तुमचं नाव जबाबदार माणसांत नाही."

"मी सांगत्येय तरी?"

"बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी दिली, तर उद्या दुसरं कुणी सांगेल."

तिनं कपाळाला हात लावला. संपलं. पण तोवर चिठ्ठी खाली सोडल्याची छपरावरून हाक आली, भिंगरी पळाली आणि सही, तारीख, वेळ असलेली चिठ्ठी घेऊन आली. अण्णांनी ती आधी लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली, वहीत नोंद केली आणि कुलूप उघडलं. शिडी लागली. अण्णा स्वतः शिडीचा पाय धरून उभे राहिले, आणि मुलगा शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आला, तेव्हा त्यांनी हळूच त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

"छत्तीस मिनिटं," ती पुटपुटली. फायलीतल्या सवयीनं तिनं वेळ टिपून ठेवली होती.

"कसली?" बाई वळल्या.

"अडकलेला माणूस खाली यायला... म्हणजे सुटकेला."

बाईंनी ओट्यावर फाइल उघडली. एकेक पान उलटत गेल्या. सत्ताविसाव्या पानावर मिशीवाला अजून हसत होता. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "या गृहस्थांना मी या महिन्यात सहाव्यांदा भेटतेय."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"सगळ्यांच्या फायलीत शिडी कुलपात असते," बाई पुढे म्हणाल्या. "मी कुलपात पाहिली ती आज. मला हो न म्हणणारा माणूसही आजच पाहिला." पेन काढून त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "सुटकेचा सराव झाला. वेळ छत्तीस मिनिटं. फारच जास्त. दोन सुधारणा. शिडी काढण्याआधी वर बघावं. माणूस अडकला असल्यास चिठ्ठी मागू नये. या करून घेतल्या की मान्यता."

"खरंच?" नवऱ्याचा आवाज चिरका निघाला.

"कागद आज बदललात तर आजच सही करते."

प्रिंटर पुन्हा कर्रर्र वाजला. दोन नवी कलमं बाहेर आली. मिशीवाल्याच्या जागी नवरा आला. बाईंनी शिक्का मारला, चहा घेतला आणि गेल्या.

"अण्णा," नवरा हेल्मेट हातात फिरवत म्हणाला, "सोमवारी पहिलं काम बघायला जातोय. तुम्ही चला."

"मी कशाला? मी कागदापुरता."

"शिडी कोण देणार मग?"

अण्णांनी वहीत सोमवारचं पान आखायला घेतलं. ती ओट्यापाशीच खाली टेकली. भिंगरी फाइल ओढत आली आणि मांडीत शिरली.

"आई, यात छपराचं सगळं लिहिलंयस?"

"सगळं."

"बेचाळीस पानं?"

"आता त्रेचाळीस."

भिंगरीनं पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, मध्येच एक उघडलं. मग मान वर करून आईकडे पाहत म्हणाली, "मग सांग ना, छपरावरून आपण कसे दिसतो?"