चुलीच्या देवाची वडी

"आज तुम्ही तोंड उघडलंत ना, तर मी माहेरी निघून जाईन," हाताची कणीक झटकत गुइलानकाकू म्हणाल्या.

"अगं, तुझ्या माहेरी आता आहे कोण?" गेंगकाकांनी विचारलं.

"बघा! उघडलंत!"

काकूंचं चुकत नव्हतं. गेंगकाकांच्या जिभेला हाड नव्हतं. लेकीची, सुयिंगची, दोन स्थळं त्यांनी एकहाती मोडली होती. एकांना म्हणाले, तुमच्या मुलाला लवकरच टक्कल पडणार. दुसऱ्यांना म्हणाले, आमच्या मुलीला स्वयंपाक येत नाही आणि ती शिकायचीही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तिथेच घात झाला. आता सुयिंगची तिशी उलटली होती. या खेपेला मुलगा तिने स्वतः पसंत केला होता, आणि आज त्याच्या घरचे बोलणी करायला येणार होते. "बाबा, हा मला खरंच आवडतो हो," एवढंच ती सकाळी म्हणाली, आणि तेव्हापासून काकांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

नेमका तो चुलीचा देव वर जायचा दिवस. वर्षभर चुलीवरच्या चित्रात बसून घरातलं सगळं पाहायचं आणि वर्ष सरताना ते स्वर्गाच्या सम्राटाच्या कानावर घालायचं, हे त्याचं काम. त्याने नको ते बोलू नये म्हणून त्याच्या तोंडाला चिकट साखरेची वडी फासतात. वडी बशीत तयार होती. काकांनी वडीकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. देवाचं तोंड बंद होतं, तर आपलं का नाही होणार? दार वाजलं, तशी त्यांनी अख्खी वडी तोंडात कोंबली.

वरची कवळी खालच्या कवळीला जी चिकटली, ती चिकटलीच.

पाहुणे आत आले. थानबाई, त्यांचा मुलगा आणि थानमास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, चेहरा परीक्षेच्या दिवसासारखा. ते काही न बोलता बसले. काकाही काही न बोलता बसले.

"चहा घ्या ना, काका," मुलाने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. होणाऱ्या जावयाचा पहिला चहा! काकांनी नकाराची मान हलवली. मुलाचा चेहरा उतरला. काकूंनी डोळे वटारले. मग थानबाईंनी आणलेली पेंडखजुराची पेटी पुढे केली. रीतीप्रमाणे काकांनी ती मागे सारली. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे सारली. आता "उगाच कशाला त्रास घेतलात" असं म्हणून ती ठेवून घ्यायची असते. काका म्हणणार कसे? पेटी तशीच अधांतरी राहिली.

"बरं," थानबाईंचा आवाज कोरडा झाला. "आमच्यात मुलीच्या बापाच्या तोंडून होकार आल्याशिवाय पुढे जात नाहीत. बोला, गेंगभाऊ."

"म्म्म!" काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्म्म्म!"

"अहो, बोला ना!" काकू रडकुंडीला आल्या. "जन्मभर नको तेव्हा बोललात, आज काय झालं?"

काकांना दरदरून घाम फुटला. गप्प राहूनही आपण लेकीचं वाटोळंच करतोय. दाराशी उभ्या सुयिंगने मान खाली घातली. ते पाहून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"समजलो आम्ही," थानबाई उठल्या. "चला हो."

मास्तर उठले नाहीत. ते काकांच्या फुगलेल्या गालाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी हळूच स्वतःच्या गालाकडे बोट केलं आणि म्हणाले, "म्म्म."

थानबाई मटकन खाली बसल्या. "आता काय लपवायचं, वहिनी! यांनी मागच्या ठिकाणी मुलीच्या आईच्या बोलण्यातल्या चुका काढल्या. म्हणून निघताना मीच यांच्या तोंडात देवाची वडी घातली."

काकांनी मास्तरांचे दोन्ही हात घट्ट धरले. "म्म्म," एक व्याही म्हणाले. "म्म्म," दुसरे म्हणाले. सुयिंग हसता हसता रडायला लागली, आणि होकार झाला.

पाहुणे गेल्यावर काकूंनी कोमट पाण्याने नवऱ्याची कवळी सोडवली. संध्याकाळ झाली. बशी रिकामी होती, देव निघायच्या बेतात होता. काकूंनी कवळीला चिकटलेला गोळा खरवडला आणि देवाच्या ओठांवर फासला.

"अगं, उष्टी वडी?" बोळक्या तोंडाने काका म्हणाले. "देवाला चालेल का?"

"तुमचं तोंड बंद झालं हिने," काकू म्हणाल्या. "देव कुठला टिकतोय!"