दोन गुण, एक सूचना

पहिली ओळ वाचली आणि भाईदासने कागद बाकावर पालथा ठेवला. इकडेतिकडे पाहिलं, घाम पुसला आणि कागद पुन्हा सुलटा केला. ओळ तीच होती. 'गांजावरील बंदी शासनाने विनाविलंब उठवावी, हेच राज्याच्या, शेतकऱ्याच्या आणि संस्कृतीच्या हिताचे आहे.' अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष, समास डावीकडे बरोबर एक इंच. खाली सही: गि. ता. पाटील, मुख्याध्यापक.

धक्का ओळीचा नव्हता, सहीचा होता. गि. ता. पाटील म्हणजे गिरधर नाना, भाईदासचे हेडमास्तर. नाना सुपारीसुद्धा खात नसत. लग्नात पान पुढे आलं की त्यातली लवंग तेवढी काढून घेत आणि पान परत करत. शाळेच्या आवारात बिडीचं थोटूक सापडलं तर ते पाकिटात घालून वर तारीख टाकत. अशी अकरा पाकिटं त्यांच्या कपाटात होती.

हा सगळा उद्योग पुण्याहून आलेल्या आगाशे मॅडमचा. जानेवारीतल्या त्या आठवड्यात त्यांनी हायस्कूलच्या साठ मराठी शिक्षकांना धुळ्यात एका हॉलमध्ये बसवलं होतं. बिस्किटांच्या डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि त्यात निघेल ती बाजू पटवून देणारा निबंध लिहायचा. मत आपलं नको, चिठ्ठीचं हवं. मग शेजाऱ्याशी निबंध बदलायचा आणि शेजाऱ्याने लेखी अभिप्राय द्यायचा, दोन गुण आणि एक सूचना. भाईदासला 'गृहपाठ बंद करावा' आलं होतं. नानांना जे आलं ते समोर होतं. गांजाबंदीचा नवा कायदा येऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा विषय ताजा आहे असं मॅडमचं म्हणणं होतं.

"पण मॅडम, मी यांच्या हाताखाली नोकरी करतो," भाईदास म्हणाला होता.

"इथे कोणी हेडमास्तर नाही. सगळे लेखक आहेत," मॅडम म्हणाल्या होत्या. नाना सोडून सगळे हसले.

हसायला काय जातं? नानांच्या टेबलाच्या खणात दिवाळीपासून भाईदासचा बदलीचा अर्ज पडून होता. संस्थेच्या दोन शाळा. एक सोनगीरहून आत तीन मैलांवर, जिथे भाईदास होता, आणि दुसरी पारोळ्याला, जिथे त्याची बायको प्रमिला सरकारी दवाखान्यात नर्स होती. पाच वर्षं तो शनिवारी संध्याकाळी पारोळ्याला पोचायचा आणि रविवारी दुपारी परत निघायचा. गेल्या शनिवारी त्याच्या चार वर्षांच्या लेकीने दार उघडलं, त्याला नीट न्याहाळलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, पाहुणे आले." नानांनी शिफारस केली तर जूनमध्ये बदली होणार होती. नाही केली तर लेक त्याला चहा विचारायला लागली असती.

तेव्हा स्तुतीच करायची, हे ठरलेलंच होतं. पण निबंध वाचता वाचता भाईदास स्तुती विसरला. सांजवेळी माणसं कशी गोल बसतात, चिलमीला ओलं फडकं कसं लावतात, पहिला मान कोणाचा, मग आवाज कसे हळू होत जातात, हे सगळं नानांनी असं लिहिलं होतं की भाईदासला क्षणभर खोकला आला. हा माणूस आपल्याला नऊ वर्षं फसवत होता की काय, असं त्याला वाटून गेलं. तेवढ्यात मॅडमनी घंटी वाजवली. दोन मिनिटं उरली होती. भाईदासचा हात चौदा वर्षांच्या सवयीने आपोआप चालू लागला. त्याने लिहिलं: 'गुण: (१) भाषा ओघवती. (२) स्वानुभवातून आल्यामुळे लेखन जिवंत झाले आहे. सूचना: हा अनुभव अधिक विस्ताराने यावा.'

मॅडमनी तो अभिप्राय माईकवरून वाचून दाखवला.

हॉलमध्ये पंखे तेवढे फिरत होते. साठ माना एकदम नानांकडे वळल्या. मागच्या बाकावरचे कोणीतरी सर "नाना?" असं इतक्या हळू म्हणाले की ते सगळ्यांना ऐकू गेलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

परतीच्या एसटीत देवपूर मागे पडल्यावर नाना म्हणाले, "भाईदास, स्वानुभव म्हणजे काय?"

"नाना, तो नुसता शेरा आहे हो. मी 'माझी आई'वरही तोच देतो."

"आई सगळ्यांना असते."

भाईदास तिकिटाची घडी घालू लागला.

"तो झुलालचा जबाब आहे," नाना म्हणाले. झुलाल म्हणजे शाळेचा शिपाई, आता निवृत्तीला आलेला. नऊ वर्षांपूर्वी तो शाळेमागे चिलीम ओढताना सापडला होता आणि त्याची पगारवाढ रोखली गेली होती. "चार पानं. मी स्वतः दोन तास बसून लिहून घेतलाय. सगळं त्यातलं आहे. उद्या तुमचा अभिप्राय दुरुस्त करा."

भाईदासने रात्रभर विचार करून दुरुस्त केला. आता कोणाला शंकेला जागाच नको, म्हणून त्याने लिहिलं: 'लेखकास या विषयाचा काडीचाही अनुभव नाही, हे ओळीओळीत जाणवते.' मंगळवारी मॅडमनी तेही माईकवरून वाचलं. वर म्हणाल्या, "मग पाटील सर, हा निबंध पुन्हा लिहा. एखाद्या जाणकाराला भेटा, तपशील तपासून घ्या. शुक्रवारी तुमच्या संस्थेचे चिटणीस येणार आहेत, तेव्हा तोच वाचू."

नाना पांढरे पडले. बदनामी त्यांनी कशीबशी गिळली होती, पण 'पुन्हा लिहा' हे त्यांना छप्पन्न वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. बुधवारी चारच्या एसटीने दोघे सोनगीरला उतरले, तेव्हा नाना गावाकडे न वळता उलट दिशेला चालू लागले.

"नाना, गाव इकडे."

"तपशील तिकडे. चला. तुम्ही साक्षीला हवेत."

हमरस्त्याच्या कडेला महादेवाच्या देवळात महिनाभरापासून एक बाबा उतरला होता. नाना त्याच्यासमोर रुमाल अंथरून बसले, वही उघडली आणि निबंध त्याला वाचून दाखवू लागले. बाबा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "फडकेवाला ठीक लिखा है बेटा. आगे गलत है." नानांनी निमूटपणे खाडाखोड केली. मग बाबाने खुलाशासाठी चिलीमच पेटवली. वारा नेमका नाना आणि भाईदास यांच्याकडे वाहत होता. बाबा बोलता बोलता आपल्या एका चेल्याची गोष्ट सांगू लागला आणि नाना मान खाली घालून भराभर लिहू लागले. त्या धुरात भाईदासला समोरच्या रस्त्यावर एक सायकल थांबलेली दिसली. सायकलवर झुलाल होता.

झुलाल उतरला. सायकल स्टँडवर लावली. भाईदास धावत त्याच्याकडे गेला.

"सर, तुम्ही बी?" झुलाल म्हणाला. त्याला खरंच धक्का बसला होता. "नऊ वरीस व्हयनात, नानानी मना जबाब लिखा व्हता. चार पानं. आते नानाना जबाब कोन लिखी?"

"झुलाल, तसं नाही. नाना अभ्यास करतायत."

"मी बी हाईच सांगेल व्हतं," झुलाल शांतपणे म्हणाला. "तिसरा पानवर लिखेल शे."

गुरुवारी सकाळपर्यंत गावाला कळलं. पोरांनी दोघा सरांना नमस्कार जरा लांबूनच केला. गुरुवारी दुपारपर्यंत ते धुळ्याच्या हॉलमध्ये पोचलं आणि नानांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शुक्रवारी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर पारोळा गाडीच्या कंडक्टरने भाईदासला गाठलं आणि भरल्या फलाटावर निरोप सांगितला, "सर, सिस्टरबाईंनी सांगितलंय, उद्या आलात की उंबरठ्याबाहेर थांबायचं. त्या आधी तोंडाचा वास घेतील, मग आत."

फलाटावरच्या एका म्हाताऱ्याने भाईदासकडे दयेने पाहिलं.

चिटणीस मोहनलालशेठ दुपारी आले. कापडाच्या दुकानात बसणारा सरळ माणूस. चेहरा आधीच उतरलेला होता. ते पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "तीस वर्षं या माणसाच्या भरवशावर शाळा सोडली." नाना उठले आणि एकही अक्षर न अडखळता त्यांनी निबंध वाचला. तो आधीपेक्षाही चांगला झाला होता, त्यामुळे हॉलमधली शांतता आधीपेक्षाही वाईट होती. शेठजींनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते.

"भाईदास सर, अभिप्राय," मॅडम म्हणाल्या. "आज तोंडी."

भाईदास उभा राहिला. समोर शेठजी, बाजूला नाना, आणि डोळ्यांपुढे उंबरठ्याबाहेर उभा असलेला तो स्वतः. ओघवती भाषा, जिवंत लेखन, सगळे शेरे जिभेवर आले. त्याला स्वतःचीच शिसारी आली. या शेऱ्यांनीच एका सरळ माणसाची ही गत केली होती.

"पहिला गुण," तो म्हणाला. "नानांनी हे सगळं एकही झुरका न घेता लिहिलंय. मी शेजारी बसलो होतो. बाबाने दोनदा चिलीम पुढे केली. नानांनी दोन्ही वेळा वही पुढे केली."

कोणीतरी हसलं. शेठजींचे हात दांड्यांवरून सुटले.

"दुसरा गुण, पाचवा परिच्छेद. एका पुडीपायी चेल्याला आत टाकलं आणि सुटून आला तेव्हा आईने त्याला ओळखलं नाही, तो. पहिले चार परिच्छेद नानांनी चिठ्ठीसाठी लिहिलेत. पाचवा त्यांनी ऐकून लिहिलाय. मला तिथेच पटलं."

"आणि सूचना?"

भाईदासला अर्ज आठवला, लेक आठवली. पण आता तोंड सुटलं होतं. "निम्मी माहिती झुलालची आहे. शिपाई आहे आमचा. ज्या माहितीसाठी नानांनी त्याची पगारवाढ रोखली, त्याच माहितीवर नानांनी टाळ्या घ्यायच्या आणि त्याचं नाव कुठेच नाही, हे बरोबर नाही. नाव यायला हवं."

बोलून तो मटकन बसला. आपण आत्ता काय केलं, हे त्याला बसल्यावर कळलं. नानांचा चेहरा लाल झाला होता. मॅडम आ वासून पाहत होत्या. मग नानांनी पेन काढलं, निबंधाच्या तळाला काहीतरी लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं: "माहितीचे श्रेय: झुलाल शिपाई." टाळ्या शेठजींनी सुरू केल्या.

चहाच्या वेळी नानांनी पिशवीतून एक कागद काढला. भाईदासने लांबूनच ओळखला. त्याचाच अर्ज. नानांनी तो भिंतीला टेकवून त्यावर चार ओळी लिहिल्या, शेठजींच्या हातात दिला आणि शेठजींनी तिथल्या तिथे सही केली. भाईदासने हातातला कप खाली ठेवला. पाच वर्षं, आणि शेवटी एका खऱ्या अभिप्रायाने काम केलं.

"वाचा," नाना म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते.

भाईदासने वाचलं. 'गुण: (१) खरे बोलतात. (२) वरिष्ठांपुढेही बोलतात. सूचना: अशा शिक्षकास संस्थेने या शाळेतून कदापि हलवू नये.'

"नाना," भाईदास म्हणाला, "हा बदलीचा अर्ज आहे."

"सोमवारचा तुमचा अभिप्राय ऐकला तेव्हाच मी ठरवलं होतं," नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "की जून उजाडायच्या आत तुम्हाला पारोळ्याला धाडायचं. नुसते शेरे टाकणारा माणूस ठेवून करायचं काय? पण आज पाहिलं. मी निवृत्त होईपर्यंत मला तुम्ही शेजारी हवेत. दोनच वर्षं."

शनिवारी संध्याकाळी भाईदास पारोळ्याच्या घरासमोर उंबरठ्याबाहेर उभा राहिला. प्रमिला दवाखान्यातल्यासारखी गंभीर चेहऱ्याने पुढे झाली, तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मागे सरकली.

"कांदाभजी खाल्लीत," ती म्हणाली. "अर्जाचं काय झालं?"

भाईदासने मान आडवी हलवली. तिच्या मागून लेकीने डोकं बाहेर काढलं.

"आई, पाहुण्यांना आत घेऊ का?"

"घे," प्रमिला म्हणाली. "उद्या दुपारी जाणार आहेत."