हिल्काच्या होडीची दोन भोकं

वाढदिवसाची भेट म्हणून आर्मसनं मेव्हणीच्या होडीला दोन भोकं पाडली.

म्हणजे त्याच्या डोक्यात भेट वेगळी होती. भोकं ही नुसती पूर्वतयारी. रौहाला बेटाच्या धक्क्यावर आर्मसचं मासेमारीच्या सामानाचं दुकान, आणि त्या दुकानात यंदा आलेलं नवं मशीन म्हणजे त्याचा जीव की प्राण. बटण दाबलं की पोलादी तारेवरनं लोखंडी गोळा सुळ्ळकन खाली, पार तळाशी. गळाची दोरी त्या तारेला चिमट्यानं अडकवलेली, त्यामुळे आमिषही गोळ्यासोबत खाली. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, परत बटण दाबलं की गोळा वर. बेटावरच्या सगळ्या बोटींवर हे मशीन बसलं होतं. राहिली होती एकच होडी, आणि ती निघाली घरातलीच. दुकानदाराची सख्खी मेव्हणी वल्ही मारत, दोरीला बोटाएवढं शिसं बांधून सॅमन पकडते म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणून हिल्का केक कापत होती तेव्हा हा मागच्या दारानं ड्रिल घेऊन बाहेर.

"आर्मस, हे काय आहे?" हिल्कानं होडीपाशी उभं राहून विचारलं. केकची सुरी अजून हातातच होती.

"भोकं."

"ते दिसतंय मला. माझ्या होडीत काय करतायत?"

"अहो मेव्हणीबाई, मशीन बसवायला लागतात. तुमच्यासाठी फुकट! उद्यापासून वल्ही मारायला नकोत, काही नको. बसायचं आणि बटण दाबायचं."

"बटण दाबून दिवा लावतात. मासा पकडत नाहीत."

"ताई, कॉफी गार होतेय," आर्मसची बायको लैना दारातून म्हणाली. लैना म्हणजे हिल्काची धाकटी बहीण. ही बाई जन्मापासून दोन मोठ्या आवाजांच्या मधे राहिली होती. लग्नाआधी हिल्का आणि वडील, लग्नानंतर हिल्का आणि नवरा. त्यामुळे तिचं कुठलंही वाक्य कुणी पुरतं ऐकलंय, असं तिला स्वतःलाच आठवत नव्हतं.

"कॉफी मरू दे!" हिल्का आणि आर्मस एकदमच ओरडले. आयुष्यात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

होडी होती वडिलांनी देवदाराच्या फळ्या जोडून स्वतः बांधलेली. वडील त्या होडीत साधा खिळासुद्धा विचार करून मारायचे. आणि ह्यानं ड्रिल चालवलं! हिल्काच्या डोक्यात जी तिडीक गेली ती तिथनं थेट गावाच्या सभागृहात पोचली. तिथे सॅमन स्पर्धेची नावनोंदणी चालली होती. पहिलं बक्षीस? तेच मशीन. देणगीदार? आर्मसच.

"लिहा माझं नाव," हिल्का टेबलावर हात आपटून म्हणाली. "वल्ह्याची होडी, मशीन नाही. मी जिंकणार, आणि ते बक्षीस सगळ्या गावासमोर धक्क्यावरनं समुद्रात फेकणार. आणि ह्या माणसानं माझ्या होडीची भोकं स्वतःच्या हातानं बुजवायची."

"आणि हरलात तर?" आर्मस मागोमाग धापा टाकत आलाच होता.

"हरले तर बसव तुझं मशीन. एक नाही, दोन बसव. मला बसायला जागा उरली नाही तरी चालेल."

मागे कुणाच्या तरी हातातलं बिस्कीट कॉफीत पडलं.

स्पर्धेच्या सकाळी हिल्का भोकांत वाइनच्या बाटलीची दोन बुचं ठोकून निघाली. धक्क्यावर सगळे हजर. "हिल्का, बाटली आहे की होडी?" "सांभाळ हां, गोळा नाही तर उडून जाशील!" हिल्कानं मान वळवली नाही. वल्हं मारायचं, थांबायचं. वल्हं मारलं की हेरिंग माशाचं आमिष गिरक्या घेत वर येतं, थांबलं की जखमी माशासारखं डुलत खाली जातं. मारा, थांबा, मारा, थांबा. ह्याच तालावर ती लहानाची मोठी झाली होती.

पण मासे काही आले नाहीत. बाकीच्यांना येत होते हो! इकडून आरोळी, "लागला!" तिकडून आरोळी, "लागला!" आणि रौहालाचा दंडक असा, की कुणी "लागला" म्हटलं की आसपासच्या सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या वर घ्यायच्या आणि वाट द्यायची. म्हणजे बिचारी हिल्का सकाळभर दुसऱ्यांच्या माशांसाठी दोरी गुंडाळत बसली. वर आर्मस आपली बोट घेऊन तिच्याभोवती माशीसारखा घिरट्या घालत होता. लैना मागे बसून विणत होती, कारण जाळं धरायला कुणीतरी लागतंच.

"मेव्हणीबाई, मासे खाली आहेत! खाली!"

"तूही जा खाली! त्यांना निरोप सांग!"

"ताई, थर्मासमध्ये कॉफी..."

"तू मधे बोलू नकोस गं!" दोन्ही बोटींतून.

आणि मग, स्पर्धा संपायला थोडाच वेळ उरलेला, बऱ्याच बोटी धक्क्याकडे वळायला लागलेल्या, आणि हिल्काच्या गळाची काठी वाकली. वाकली म्हणजे काय, टोक पाण्यात! होडी उलट्या दिशेनं चालायला लागली! हिल्का अशी ओरडली की खडकावर लोळणारे सील पाण्यात पडले. "लागलाऽऽ!"

उरलेल्या सगळ्यांनी दोऱ्या घेतल्या. आर्मसनंही बटण दाबलं. पण त्याचा गोळा होता पार तळाशी, आणि तो वर येतोय तोवर त्या माशानं घेतली बुडी, गेला आर्मसच्या बोटीखाली आणि त्याच्या तारेला तीन वेढे घालून बसला. मशीन घरघरलं. घरघरलं आणि ओढत राहिलं, कारण मशीनला काय कळतंय? गोळा, तार, हिल्काची दोरी, आणि त्या सगळ्या गुंत्यात लटकलेला सॅमन, चांदीच्या दरवाजाएवढा, सगळं एकदम वर आलं. मासा पाण्याबाहेर अर्धा लोंबकळत होता. हिल्का पन्नास हात लांब, हातात ढिली दोरी.

आर्मसचा चेहरा काय उजळला! त्यानं मासा नव्हे, मशीनच थोपटलं.

"घ्या मेव्हणीबाई! म्हटलं नव्हतं? काढून दिला ना मशीननं! या, घेऊन जा, लाजू नका!"

जाणाऱ्या बोटींवरनं टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. हिल्का वल्ही मारत आली. होडी आर्मसच्या बोटीला टेकवली, कमरेची सुरी काढली, मासा डोळे भरून पाहिला. तसा मासा तिनं उभ्या जन्मात धरला नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं गळाशी दोरी कापली. खळ्ळकन आवाज झाला आणि मासा गेला.

"अहो, काय केलंत हे!" आर्मस किंचाळला. "पहिला नंबर होता तो!"

"त्याला तुझ्या मशीनचा हात लागला," हिल्का म्हणाली. "बाटला तो."

आर्मस पुढे काही बोलणार तेवढ्यात मशीनच बोलायला लागलं. गुंता तसाच अडकलेला, बटण दाबलेलं ते वर येईना, आतून करपल्याचा वास, मग धूर, मग एक लांब उसासा, आणि बंद. आर्मसनं इंजिनची किल्ली फिरवली. टिक. परत फिरवली. टिकसुद्धा नाही. मशीननं मरता मरता सगळी बॅटरी पिऊन टाकली होती. वायरलेस त्याच बॅटरीवर. बाकीच्या बोटी केव्हाच वळणापलीकडे. आणि ओहोटी हळूहळू त्याला खडकांकडे न्यायला लागली होती.

"ताईकडे दोरी टाकू का?" लैनानं विचारलं.

"खबरदार! त्यापेक्षा खडकावर आपटलेलं बरं!"

"आपट की," हिल्का म्हणाली. "बहिणीला तेवढं इकडे दे आणि मग आपट सावकाश."

खडक जवळ आले. खडकांवर मघाचे सील परत चढून बसले होते आणि मोठ्या आस्थेनं बघत होते. आर्मसनं सीलांकडे पाहिलं, हिल्काकडे पाहिलं. शेवटी लैनानंच दोरी फेकली, कुणाला न विचारता.

आता चित्र बघा. पुढे बुचं मारलेली इटुकली होडी, तिच्यात दात-ओठ खाणारी हिल्का. मागे तिच्या दुपटीहून मोठी बोट, तिच्यात मेलेलं मशीन. ओहोटीची ओढ कमी लागावी म्हणून हिल्का किनाऱ्याच्या शेवाळाला लागून चालली होती. वल्हं, थांबा. वल्हं, थांबा.

"अहो, जरा जोरात ओढा! स्पर्धा संपल्याचा भोंगा होईल!"

"घाई असेल तर उतर आणि ढकल!"

"डावीकडे घ्या, डावीकडे!"

"मला डावं-उजवं शिकवतोस? माझ्या होडीला भोकं पाडताना..."

"आता परत भोकं!"

"लागला," लैना म्हणाली.

"...माझ्या बापाच्या होडीला..."

"भेट होती ती! भेट!"

"अहो, लागला," लैना पुन्हा म्हणाली.

"काय लागलं? डोकं लागलं?" म्हणत आर्मस वळला. लैनाच्या मांडीवर विणकाम होतं आणि हातात गळाची काठी. काठी अशी वाकलेली की अंगठीच. तिनं त्याचाच एक गळ घेऊन, मशीनची भानगड न करता, थोडं शिसं लावून मागे सोडून दिला होता. पुढे बहीण मारत होती आणि थांबत होती, मारत होती आणि थांबत होती, आणि लैनाही त्याच होडीत लहानाची मोठी झालेली.

"सोड दोरी, सोड!" आर्मस.

"अजिबात सोडू नको, ओढ!" हिल्का.

"मला दे इकडे!"

"त्याला देऊ नको!"

लैना उभी राहिली. "दोघंही," ती म्हणाली, "तोंड बंद."

आणि काय सांगू, बंद झाली. समुद्रावर नुसती गळाच्या चाकाची किरकिर ऐकू येत होती. लैनानं मासा खेळवला, दमवला, जवळ आणला. आर्मसनं निमूटपणे जाळं धरलं.

भोंग्याआधी कसेबसे धक्क्यापाशी आले, तोवर दोघांना कंठ फुटलाच. आर्मस म्हणे, बोट माझी, गळ माझा, म्हणजे मासा माझा. हिल्का म्हणे, खुशाल तुझा. पण काट्यावर वजन करणारा क्लिफर्ड दरवर्षीचे तीन प्रश्न विचारणार, कर्ण्यातून, सगळ्या गावासमोर: कुठं, किती खोल, कशानं? सांग की मग, कशानं पकडलास! आर्मसचा चेहरा उतरला. धक्क्यावर त्याचं सगळं गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं हळूच मासा हिल्काच्या होडीकडे सरकवला.

"तुम्हीच लावा काट्याला. जिंकाल."

"मी न पकडलेला मासा? थुंकते मी!"

"बघा, भोकं बुजवून देतो!"

"भोकांसकट मरेन!"

हे असं चाललेलं असताना लैनानं माशाच्या कल्ल्यात बोटं घातली, मासा उचलला, विणकाम काखेत मारलं आणि चालायला लागली.

क्लिफर्डनं काटा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "सगळ्यांत मोठा! लैना, कुठं?"

"शेवाळाच्या कडेला."

"किती खोल?"

"फार नाही."

"कशानं पकडलास?"

लैनानं जरा विचार केला. सगळा धक्का कान टवकारून उभा. "पुढे बहीण वल्हवत होती," ती म्हणाली, "आणि मागे मशीन बंद होतं, नवरा चालू होता."

तो हशा म्हणे पलीकडच्या बेटावर ऐकू गेला. लैनाचं नाव बोटीसोबत नोंदलेलं होतंच, आणि नियमांत ओढून आणलेल्या बोटीबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यामुळे बक्षीस लैनाचं. हिल्का लगेच पुढे आली. "दे इकडे. फेकते." आर्मस दुसऱ्या बाजूनं आला. "असू दे गं, दुकानातच ठेवू." लैनानं खोकं छातीशी धरलं. "माझं आहे," ती म्हणाली. "हे समुद्रात जाणार नाही, दुकानात जाणार नाही आणि ताईच्या होडीवर तर मुळीच नाही. आर्मस, तुम्ही उद्या भोकं बुजवा. आणि ताई, शनिवारी सौनाला, वाफेच्या अंघोळीला यायचं. फुगून घरी बसायचं नाही."

आर्मसनं भोकं बुजवली. हिल्का शेजारी स्टूल टाकून बसली होती आणि पॉलिश तीनदा करायला लावलं.

शनिवारी ती बहिणीकडे गेली ती तोंड वाकडं करूनच. सौनाची खोली उंच कातळावर, आणि पाणी पार खालच्या झऱ्यावर. कातळाच्या टोकाला बघते तर मशीन! गोळ्याच्या जागी बादली. लैना खुर्चीत बसून विणतेय, मधेच एक बोट पुढे करून बटण दाबतेय, आणि बादली झुलत झुलत आपोआप वर येतेय.

"ये ताई. पाणी तापलंय."

"त्या पाण्याची वाफ मी घेणार नाही," हिल्का म्हणाली. कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली आणि ताडताड पायऱ्या उतरायला लागली. अर्ध्यावर तिला आर्मस भेटला. लालबुंद, घामाघूम, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

हिल्का थांबली. "हे काय? वर एवढं मशीन आहे की तुझं."

"तिचं," आर्मस धापा टाकत म्हणाला. "मला हात लावू देत नाही. म्हणते, तुम्ही बिघडवाल."

त्या दोघांच्या डोक्यावरनं बादली घरघरत वर गेली. पाण्याचे चार थेंब आर्मसच्या टकलावर पडले. हिल्कानं बादलीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातली एक बादली ओढून घेतली.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "उचल पाय. पुढच्या बादलीच्या आधी वर पोचायचंय."