तलवारीशेजारचं मशीन

खंडेनवमीला शेजारच्या अण्णासाहेब खराड्यांनी पणजोबांच्या तलवारीशेजारी आपलं श्वासाचं मशीन मांडलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि त्याच्या नळीला झेंडूची माळ घातली. मी हसलो, तर म्हणाले, "रोज माझ्यासाठी लढतं ते. मग शस्त्रच की. रीत म्हणजे रीत."

घराणं फौजी, पण अण्णांनी जन्मभर सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या. भाजीवाला कोथिंबीर द्यायला विसरला, तर 'प्रकरण अपूर्ण आहे' म्हणून पिशवी अजूनही परत पाठवतात.

त्यांचं घोरणं आमच्या अख्ख्या दौलतगंज मोहल्ल्याला ठाऊक. आमची भिंत एकच. माझ्या फळीवरचे पेले वाजायचे. डॉक्टर म्हणाले, आजार सौम्य आहे, पण झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. नाकावर मुखवटा लावून मशीनने हवेचा दाब दिला, की वाट उघडी राहते.

अण्णा एकटे. आमच्या राज्याची वाटणी होऊन रायपूरकडचं वेगळं राज्य झालं तेव्हा सरकारी नोकरदारांचीही वाटणी झाली, आणि मुलगा संजय रायपूरच्या यादीत गेला. म्हणून मशीन आणायचं काम माझ्याकडे आलं. टोपी बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, तेही हातगाडीपासून उभं केलेलं. दिल्लीच्या दुकानदाराशी मी दोन दिवस घासाघीस केली, तीनदा पायरी उतरलो, तेव्हा कुठे तो वाकला.

आणि दसऱ्यानंतर संजयचा मला फोन. "काका, अण्णा मशीन लावतच नाहीत. मुखवटा टोचतो म्हणे. तुम्हाला फसवलं का हो त्या दुकानदाराने?"

मला फसवलं! मशीन आल्यापासून, पूजेची एक रात्र सोडली, तर भिंत गप्प होती. माझे पेले साक्षीला होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणतणत गेलो, तर अण्णा फोनवर. गालांवर मुखवट्याच्या पट्ट्यांचे ताजे लाल वळ, आणि तोंडाने म्हणत होते, "नाही लावलं रे. पुजलेलं शस्त्र असं रोज उचलतात का?" पलीकडे संजय इतका रागावत होता, की मला उंबऱ्यात ऐकू येत होतं. अण्णा डोळे मिटून, आरती ऐकावी तसे ऐकत होते.

फोन ठेवल्यावर मला पाहून ओशाळले. खोटं का बोलता, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"लावलं म्हटलं, की 'अच्छा, ठीक है' म्हणून ठेवून देतो. नाही म्हटलं, की पाव तास बोलतो." मग गालावरचे वळ चोळत म्हणाले, "दिवाळीला स्वतः येऊन लावून देईन म्हणतोय. पण अजून पक्कं नाही."

मी घरी आलो. अण्णांकडून खरं काढून संजयला चांगलं सुनवायचं, असं ठरवून गेलो होतो. नंबर फिरवला आणि म्हणालो, "माझा सौदा चुकला रे. मशीनमधलं मला काही कळत नाही. तूच येऊन बघ."

जन्मात असं कुणाला म्हटलं नव्हतं.

"रजा टाकतो, काका," संजय म्हणाला.

अण्णांना मी हे सांगितलं नाही. उद्याच्या पाव तासात त्यांनी ते स्वतःच ऐकावं.